ब्रेकचा दांडा

अपघातात दोन्ही पाय निकामी झाले, तेव्हापासून जाम गावच्या ज्योत्स्नाला घर खायला उठत होतं. गाडी पुन्हा स्वतःच चालवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बिनक्लचच्या त्या गाडीत हातानं रेस द्यायची सोय तिनं आधीच करून घेतली होती; ब्रेकही हातानं दाबता यावा म्हणून तिनं ॲल्युमिनियमच्या दांड्याचं चित्र काढलं आणि लेथवाल्या आदेशला दाखवलं.

"एका नगासाठी मशीन लावणं जमत नाई, ताई."

मग सावंगीच्या दवाखान्यात ओळख झालेल्या, तिच्यासारख्याच चौघांना तिनं फोनवर असाच दांडा घ्यायला तयार केलं. पाच दांडे बनले. तिनं आपला बसवून जोर दिला, तर तो वाकला.

"पाचही जाड करून दे. उद्याच!"

"इतकी घाई काऊन करून राह्यल्या?"

"मले चैन नाई, भाऊ."

नवा दांडा टिकला. सराव झाल्यावर एका सकाळी ती एकटीच आष्टीला जाऊन आली. दारात गाडी थांबली, तरी तिला उतरावंसं वाटेना.