खुंटे जागेवरच होते

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत. गट्टूंची ती फिर्याद मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच नगरपंचायतीचा ठेकेदार आला. ऊसतोड कामगारांची गल्ली साखर कारखान्यावर गेल्यावर, दिवाळीनंतर, त्याने तिथे फरसबंदीचे सिमेंटचे गट्टू बसवले होते आणि गल्ली ओस असल्याचा फायदा घेऊन चोरांनी ते उपटून नेले, अशी त्याची तक्रार. काम नगरपंचायतीने कर्ज काढून दिलेलं, बिलही निघालेलं. गुन्हा दाखल केला आणि दुपारी निनावी फोन आला, "माल बसस्टँडमागच्या गॅरेजात हाय."

गॅरेजच्या अंगणात खरंच तसले गट्टू होते. मालक मुसलमान मेकॅनिक, वडिलांपासूनचा धंदा.

"ठेकेदारानंच दिले, साहेब. त्याच्या टिप्परचं काम केलतं मी. पैसं मागितलं तर म्हणला, गट्टू घे."

"लिहून घेतलंस काही?"

"रोजच्या गिऱ्हाइकाकडनं कोण लिहून घेतंय?"

चोरही असंच बोलतो आणि खरा माणूसही. आमची जीप दारात उभी राहिली तसे लोक येऊन आपापल्या मोटारसायकली ढकलत न्यायला लागले. मेकॅनिकला अटक केली असती, तर सुटल्यावरही कुणी त्याच्याकडे गाडी टाकली नसती.

मी अटक थांबवली आणि ठेकेदाराला बोलावून चहा पाजला. बढाईखोर माणसाला चौकशीत अडवू नये. काम कसं केलं एवढंच विचारलं आणि गडी खुलला.

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हातभर खोदलं, साहेब. मुरूम टाकला, रोलर फिरवला. मधी एक खडा ठेवला न्हाई."

ते शब्दशः जबाबात घेतलं आणि त्याला, शिवाय दोन पंचांना घेऊन पंचनाम्यासाठी गल्लीत गेलो. घरांना कुलपं, दारांपुढे बाभळीच्या काट्या. पण प्रत्येक घरासमोर बैलांचे जुने खुंटे जमिनीत घट्ट रोवलेले आणि त्यांच्यावर वाळलेली हळद. घरं राखायला मागे राहिलेल्या एक आजी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"आजी, ही हळद कशाची?"

"कारखान्याला निघताना लावत्यात, बाबा. बैल संगं न्यायचे, खुंटा हालवायचा न्हाई. खुंटा हाय तर मानूस माघारी येतंय."

"मधे कुणी उपटले होते?"

"कोन उपटील? मी हितंच असते. कुदळ बी पडली न्हाई अन् गट्टू बी न्हाई."

ठेकेदार उसळला, "म्हातारे, नगरपंचायतीच्या कामातलं तुला काय कळतं?"

"घरपट्टी आमी भरतो की. मग बघायचं कुनी?"

मी त्याच्याकडे वळलो. "हातभर खोदलंत, रोलर फिरवलात. मग हे खुंटे?"

"लोकांनी परत ठोकले असतील."

"कोणत्या लोकांनी? गल्ली अजून कारखान्यावर आहे. फिर्यादीत तुम्हीच सांगितलंय."

तो तिथेच दगडावर बसला आणि सगळं कबूल केलं. त्या गल्लीत त्याने पाऊलच टाकलं नव्हतं. लेखापरीक्षणाचं पथक जागा पाहायला येणार म्हटल्यावर त्याने चोरी रचली. मेकॅनिकवर संशय जावा म्हणून फोनही त्याच्याच माणसाने केला होता. पुढे त्याच्यावर आणि बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि वसुली सुरू झाली.

जे पाहायला हजर नसतात, त्यांच्या नावावर खर्च टाकणं सगळ्यात सोपं असतं. कर्ज मात्र त्यांच्याच घरपट्टीतून फिटतं. निवृत्तीनंतर मी स्वतःची घरपट्टी भरायला जातो तेव्हा पावती घेतो आणि पैसा कुठे लागला तेही विचारतो. कारकून वैतागतो, वैतागू दे. ही सवय त्या आजींनी लावलेली. एका निरपराध माणसाला कोठडीत घालण्यापासून त्यांनी मला वाचवलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

चोरीचं प्रकरण मिटल्यावर मेकॅनिकने आपल्या अंगणातले गट्टू काढले, हातगाडीवर घातले आणि आजींच्या दारात नेऊन स्वतः बसवले. मी तिकडून जात होतो म्हणून थांबलो. आजी उंबऱ्यातूनच दटावत होत्या, "खुंट्याला धक्का लावू नगं रं, लेका!"

त्याने खुंट्याभोवती वीतभर माती मोकळी ठेवली होती. कारखान्याहून बैलगाड्या परतल्या, तेव्हा आजींच्या लेकाने बैल त्याच खुंट्याला बांधले.