इस्पितळाच्या लाइनीवरचं घर

ओनेलियाला गल्लीतले लोक देवमाणूस म्हणायचे. हे कानावर आलं की ती तोंड फिरवायची, आणि ते काही विनयाने नव्हे. आतून ती किती धुमसत असते हे तिचं तिलाच ठाऊक. देवमाणूस होण्यात तिची कर्तबगारी म्हणाल तर एवढीच, की इस्पितळाची विजेची लाइन नेमकी तिच्या घराशी येऊन संपायची. मातान्सास या बेटावरच्या शहरात लाइट जायची ती सकाळीच जायची, आणि मर्जी झालीच तर संध्याकाळी तोंड दाखवायची. पण इस्पितळाच्या लाइनीला कोणी हात लावत नसे. त्यामुळे ओनेलियाच्या घरी पंखा गरगरायचा आणि रस्त्यापलीकडच्या ओळीत माणसं पुठ्ठ्याने वारा घेत बसायची.

आता पंख्यावाचून कोणी मरत नाही, पण भाताचं काय करणार? एके काळी घरोघर विजेचे भाताचे कुकर आले, तेव्हा लोकांनी मोठ्या हौसेने रॉकेलचे स्टोव्ह भंगारात काढले होते. गॅस तर महिनोन्‌महिने दिसत नव्हता. म्हणजे चूल होती ती कुकर, आणि कुकरला लागते लाइट. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी माणसं आपापले कुकर काखोटीला मारून ओनेलियाच्या दारात येऊ लागली. पहिल्या आठवड्यात दोन आली. महिन्याभरात अख्खी गल्ली आली.

घराची वायर जुनी. तीनच्या वर कुकर लावले की भिंतीतून जळका वास यायचा. दुसरी एखादी हात झटकून मोकळी झाली असती, पण ओनेलियाने डोकं लढवलं. प्रत्येक घरचे तांदूळ जुन्या चादरीच्या फडक्यात सैल बांधायचे, भाताला फुगायला जागा ठेवायची, आणि अशा चार घरच्या पुरचुंड्या एकाच कुकरात सोडायच्या. कोणाच्या फडक्याला एक गाठ, कोणाच्या दोन. वरून प्रत्येकाची रताळी, तीही ओळखू यावीत म्हणून सुरीने खूण केलेली. रविवारी कोणाला दूध मिळालंच, तर त्याच कुकरात पत्र्याच्या डब्यात साखर करपवून दुधाचा खरवसासारखा फ्लान वाफवून निघायचा. कांदा-लसूण परतायचा तर पाण्यावाचून कुकरचा खटका टणकन वर उडतो. मग त्याच्याखाली चमचा अडकवून कुकरला फसवायचं. काळ्या घेवड्याचा भात, मक्याच्या पिठाचं गरगट, हाडांचं सूप, शिळ्या पावाचं पुडिंग, सगळं त्या एका भांड्यात. ओनेलिया कढई विसरूनच गेली होती.

शेजारची मिगदालिया एकदा म्हणाली, "ओनेलिया, एवढं सगळं मऊ करतेस, माझा नवरा घालून बघू का यात?"

"आण की. पण आधी रात्रभर भिजत घाल," ओनेलिया म्हणाली. स्वयंपाकघरात जमलेल्या बाया पोट धरून हसल्या.

हसणं बाहेर चालायचं. आत, मधल्या खोलीत, ओनेलियाची आई अंगाचं मुटकुळं करून भिंतीला चिकटायची.

तोमासा ऐंशीच्या पुढे गेली होती. डोकं कामातून गेलेलं. जेवली की नाही हे तिला आठवत नसे, मुलीचं नावही कधी आठवायचं, कधी नाही. पण दारात चार माणसांचा आवाज झाला, भांड्यावर भांडं आपटलं, की तिचे डोळे मोठे व्हायचे आणि ती पलंगाखाली शिरायला बघायची. "ओनेलिया, आले का ते?" असं पुन्हा पुन्हा विचारायची.

ते म्हणजे कोण, हे गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ज्या वर्षी समुद्रापलीकडून, उत्तरेच्या देशातून बोटी आल्या आणि ज्याला देश सोडायचा त्याने खुशाल सोडावा असं जाहीर झालं, त्या वर्षी ओनेलियाच्या बापाने, ओविदियोने, नाव नोंदवलं होतं. तोमासा जाणार नव्हती. तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. पण ऐकतो कोण? देश सोडणाऱ्याचं घर म्हणजे गद्दाराचं घर. कारखान्यातली माणसं आली, शाळेतली पोरं रांगा करून आणली गेली. "घाण जाऊ दे! घाण जाऊ दे!" भांडी बडवत ओरडत होते, आणि घरावर अंडी फेकत होते. तेव्हा अंड्यांना तोटा नव्हता. कितीतरी दिवस तोमासा दहा वर्षांच्या मुलीला पोटाशी घेऊन पलंगाखाली बसली होती. बाप गेला, तिकडे दुसरा संसार थाटला. मायलेकी त्याच गल्लीत, त्याच लोकांत राहिल्या. तोमासा त्यावर आयुष्यात एक अक्षर बोलली नाही. आणि आता बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढंच उरलं. नशीब म्हणतात ते कधी कधी किती नीच असतं बघा.

ओनेलिया रोज तिला समजवायची, "आई, कुणी नाही आलं गं. कधीच कुणी आलं नव्हतं. तुला भास होतो." म्हातारी तिच्याकडे असं बघायची, की ही पोर वेडी झाली की काय.

शेवटी एका सकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईने स्पष्टच सांगितलं, की हे रोजचं घाबरणं तोमासाचं काळीज फार दिवस सोसणार नाही. घर शांत ठेवा. शांत म्हणजे काय, ते ओनेलियाला कळलं. कुकर बंद. पण मग समोरच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी, लेकुरवाळ्यांनी खायचं काय? त्यात तिला हेही दिसत होतं, की ज्यांच्या पोटासाठी तिचा जीव तुटतो, त्यातल्या निम्म्यांनी तरी त्या वेळी दारात येऊन आरडाओरडा केला होता. आई की गल्ली, या विचाराने तिचं डोकं फुटायची पाळी आली. आणि आईसाठी कुकर बंद करायला हवेत हे कळत असून तोंडातून निघत नव्हतं, म्हणून ती स्वतःवरही चिडलेली.

त्याच सकाळी कुकर घेऊन दारात इदालमिस उभी राहिली.

इदालमिस समोरच्या ओळीतली. लाइट जायला लागून इतके महिने झाले, गल्लीतलं शेंबडं पोरही कुकर घेऊन येऊन गेलं, पण ही आली नव्हती. अंगणात कोळशाची शेगडी पेटवून धूर खात बसायची. ओनेलिया मनात म्हणायची, बरंच आहे. कारण तेव्हाची शाळेतली ती मोठी पोरगी, पहिल्या रांगेत उभी राहून हात मागे नेऊन नेम धरणारी, ओनेलियाने खिडकीच्या फटीतून पाहिली होती. इतर चेहरे पुसट झाले. हा एक राहिला.

इदालमिसचा नवरा एवेलियो पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आला होता. धुराने त्याला खोकला यायचा आणि खोकला आला की टाके ओढायचे. त्यात आता कोळसाही संपला. हे सगळं तिने दारातच, खाली बघून, एका दमात सांगितलं. त्याला मऊ भात आणि अळकुड्याच चालतात म्हणाली. दोन दिवस साखरेच्या पाण्यावर काढलेत.

खरं सांगायचं तर ओनेलियाला आनंद झाला. नकार द्यायचं रास्त कारण हातात होतं, आणि द्यायला माणूसही मनासारखं मिळालं होतं.

"बंद आहे," ती म्हणाली. "आईला गर्दी सोसत नाही. डॉक्टरीणबाईने सांगितलंय."

तिच्या मागे ओट्यावर तीन कुकर फसफसत होते. इदालमिसने ते पाहिले. मिगदालिया आपली पुरचुंडी न्यायला बसली होती, तिने नजर दुसरीकडे वळवली. इदालमिस वाद घालती तर बरं झालं असतं. ती नुसतीच मान हलवून वळली.

मग ओनेलियाने काय करावं? सवय म्हणा, नाहीतर आणखी टोचायची हौस म्हणा, पुढे होऊन तिने त्या कुकरचं झाकण उचललं. धुतलेले तांदूळ, मऊ व्हावेत म्हणून बेताने जास्त पाणी, वर सोललेल्या अळकुड्या. आणि अळकुड्यांवर दोन अंडी. अंडी आताशा पेन्शनच्या आवाक्यात राहिली नव्हती. काय विकून आणली होती कोण जाणे.

ओनेलियाने एक अंडं उचलून उजेडात फिरवून पाहिलं, परत ठेवलं.

"रस्ता ओलांडून दोन्ही शाबूत आणलीस की," ती म्हणाली. "हात सुधारला तुझा."

मिगदालिया हळूच उठली आणि परसदाराने निघून गेली. पुरचुंडीही विसरली.

इदालमिसचा चेहरा उतरला. "तू पाहिलं होतंस?"

"सगळं पाहिलं."

"शाळेने नेलं होतं आम्हाला..." तिने सुरुवात केली आणि तिथेच थांबली. कुकर उंबऱ्यावर ठेवला. "नाही. नेलं शाळेने, पण फेकली मी. कुणी माझा हात धरून फेकवली नाहीत. आणि ओनेलिया, मजा आली होती मला. नेम बसला की पोरं टाळ्या वाजवायची. ते आठवतं आणि घास उतरत नाही. म्हणून इतके महिने हा उंबरा चढले नाही."

चाळीसच्या वर वर्षं ओनेलिया मनात या बाईशी भांडत आली होती. ती नाही म्हणाली तर काय बोलायचं, रडली तर काय, सरकारवर ढकललं तर काय, सगळ्याची उत्तरं तयार होती. मजा आली होती, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. तिने हातातलं झाकण पुन्हा कुकरवर बसवलं.

आतून तोमासाचा आवाज आला. "ओनेलिया, आले का ते?"

ओनेलिया नेहमीप्रमाणे ओरडणार होती, की कुणी नाही आई. त्याआधी इदालमिस आत गेली. अडवायचंही ओनेलियाला सुचलं नाही. ती धावत मागे गेली तोवर इदालमिस पलंगापाशी गुडघे टेकून बसलीसुद्धा. म्हातारीने चादर नाकापर्यंत ओढली होती.

"आलो होतो, तोमासामावशी," इदालमिस म्हणाली. "आम्ही आलो होतो. ओरडलो, भांडी बडवली, अंडी फेकली. तुमची काही चूक नव्हती. झालं ते आता. सगळे घरी गेले."

म्हातारीने चादर थोडी खाली घेतली. "गेले?"

"गेले."

"ओविदियोला मारलं का त्यांनी?"

"नाही मारलं. तो बोटीत चढला. सुखरूप पोचला."

तोमासाने लांब श्वास सोडला. इतका लांब, की ओनेलिया घाबरून पुढे झाली. पण म्हातारीचे खांदे सैल पडले होते, मुठी उघडल्या होत्या. "मग दारावर पाणी मारा कुणीतरी," ती कुरकुरली. "अंडं वाळलं की निघत नाही."

ओनेलिया चौकटीला धरून उभी राहिली. तिला आता उमगलं, की ती रोज आईला खोटं पाडत होती. जे आले होते ते कधी आलेच नव्हते, असं पोटच्या पोरीने सांगितल्यावर त्या बाईने जायचं कुठे? आले होते हे जर कोणी कबूलच करत नाही, तर ते गेले हे तरी तिला कोण सांगणार? आणि हे समजायला दारात अंडी फेकणारीच यावी लागली, याचा ओनेलियाला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

इदालमिसने कोणाला न विचारता मोरीतून बादली उचलली. गल्लीत पाण्याचीही बोंबच होती, तरी ओनेलियाने तिला अडवलं नाही. इदालमिस स्वच्छ कोरड्या दारावर पाणी मारून ब्रशने घासायला लागली. वर हात पुरेना म्हणून चवड्यांवर उभी राहून घासत होती. साठी उलटलेली बाई, धापा टाकत होती. तो खराखरा आवाज मधल्या खोलीत ऐकू जात होता. पुरचुंडीची आठवण होऊन मिगदालिया परत आली, तिच्या हातून झाकण पडून मोठा खणखणाट झाला, तरी तोमासा नुसती कुशीवर वळली आणि झोपली.

दार धुऊन झालं. इदालमिसने ब्रश बादलीत टाकला आणि आपला कुकर उचलून निघायला लागली. आपल्यासाठी ओटा बंदच आहे, असं तिने गृहीत धरलं होतं.

"इकडे दे," ओनेलिया म्हणाली.

तिने ओट्यावरचा एक शिजलेला कुकर काढून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी इदालमिसचा लावला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. इदालमिसनेही तसलं काही मागितलं नाही. तेवढी अक्कल होती तिला.

"आई सकाळपर्यंत विसरेल," ओनेलिया पाठमोरीच म्हणाली. "उद्या पुन्हा विचारेल. बाकीचे यायच्या आत ये आणि आज सांगितलंस तस्संच सांग. कुकर आण नाहीतर नको आणूस."

"किती दिवस?"

"ती विचारेल तितके दिवस."

इदालमिस ओले हात झग्याला पुसत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आणि तिने विचारायचं थांबवलं, की मग?"

"मग मी विचारीन," ओनेलिया म्हणाली, आणि तिने खटका खाली दाबला.