आत्याला समुद्र दाखवला

लासूर स्टेशनच्या शाळेत आठवीच्या वर्गावर असताना बायकोचा फोन आला, ‘‘आत्या गेल्या.’’ मी फळा पुसला आणि निघालो. दहाव्यापर्यंत घरी माणसांची रीघ होती आणि येणारा प्रत्येकजण तेच म्हणत होता. पोटचं पोर नसलेल्या बाईला भाच्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं, एवढंच नव्हे, समुद्रसुद्धा दाखवला. आजकाल कोण आत्याला समुद्र दाखवतं? मी हात जोडून मान हलवत होतो. आता महिना उलटलाय... समुद्र कसा दाखवला, ते सांगतो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन शहागंजातल्या आमच्या घरी परत आली, आणि आई गेल्यावर मला आणि धाकट्या सुधीरला तिनंच वाढवलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. नोकऱ्या लागल्यावर आम्ही दोघं पुंडलिकनगरात राहायला गेलो, ती मात्र तिथंच राहिली. जिभेला अशी धार की भाजीवाले तिच्याशी घासाघीस करायचे नाहीत, मागेल त्या भावात देऊन मोकळे व्हायचे. शेजारच्या शकीला आपांशी तेवढं चाळीस वर्षांचं मेतकूट. दोघींच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. दुकानासकट घर घ्यायला गिऱ्हाईक आलं तेव्हा कागदावर आम्हा दोघा भावांचीच नावं होती. आत्या म्हणाली, ‘‘मी मेल्यावर विका. लई दिवस लागायचे नाय.’’ गिऱ्हाईक तेवढं थांबायला तयार नव्हतं.

समुद्राची कल्पना माझी. जन्मात तिनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्र बघायचा. दर वर्षी आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचो. ऐन जुलैत मी गाडी काढतो म्हटल्यावर तिला नवल वाटलं.

‘‘पावसाळ्यात कोण जातं रं समुद्राला?’’

‘‘गर्दी नसते, आत्या.’’

तिला पटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, हे इथं लिहिलंच पाहिजे.

लॉजमध्ये आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. गाद्यांना ओलसर वास, टपऱ्यांवर ताडपत्री बांधलेली, पाण्यात उतरू नका म्हणून लाल झेंडा. आत्याला त्याचं काहीच नव्हतं. खुर्ची ओढून ती व्हरांड्यात बसायची आणि त्या गढूळ, खवळलेल्या पाण्याकडे बघत राहायची. ‘‘लई माजलंय की हे,’’ म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तिचा बटणाचा मोबाइल ‘रेंज नाही’ म्हणून मी बंद करून खिशात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी शकीला आपांनी माझ्याच नंबरवर फोन लावला. ‘‘तेरा भाई सामान क्यूं उतार रा रे? बाई कू मालूम है क्या?’’ मी फोन कापला. मागोमाग सुधीरचा आला, पलंग जिन्यात अडकलाय, अजून एक दिवस थांबव. मी व्हरांड्यात येऊन विचारलं, ‘‘आत्या, अजून एक दिवस राहू या का?’’ तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. ‘‘आपाला सांगंन, माझं पोरगं सोन्यासारखं हाय.’’ तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं... मला मात्र काम सोपं झाल्याचं बरं वाटलं. नीच वागलो मी, दुसरा शब्द नाही.

येताना गाडी शहागंजाकडे वळली नाही. ‘‘रस्ता चुकलास व्हय रं?’’ ती म्हणाली. मी गाडी चालवत राहिलो. माझ्या घरी मागची खोली तयार होती. सुधीरनं तिचे देव, पलंग, कॅलेंडर, सगळं जिथल्या तिथं लावलं होतं आणि शाबासकीची वाट बघत तो उभा होता. आत्या दारात थांबली. मला वाटलं, आता शिव्या. शिव्यांची मी मनाशी तयारी केली होती. तिनं माझ्या बायकोला विचारलं, ‘‘चपला कुठं काढू?’’

त्यानंतर अकरा महिने ती आमच्याकडे पाहुणी म्हणून राहिली. ‘‘पाणी घेऊ का?’’ ‘‘अंघोळीला जाऊ का, कुणाला जायचंय?’’ भाजी खारट झाली तरी जेवण झाल्यावर, ‘‘लई छान झालतं हो.’’ माझ्या बायकोला ती पहिल्यापासून ‘अगं’ म्हणत आलेली, आता ‘अहो’ म्हणायला लागली. बायको रडायची, ‘‘आत्या, एकदा शिव्या द्या हो.’’ दिल्या नाहीत. शकीला आपा एकदा रिक्षानं आल्या, तर त्यांना आत्यानं चहासुद्धा विचारला नाही. ‘‘दुसऱ्याच्या घरी चहा टाका म्हणून कसं सांगू, आपा?’’ त्या परत कधी आल्या नाहीत. आम्हाला आत्याचा राग यायचा, हेही सांगतो. म्हातारी सूड घेते, असं मी सुधीरजवळ बोललोसुद्धा.

शेवटच्या सकाळी मी शाळेला निघालो होतो, तिनं हाक मारली. ‘‘लई दिवस राहिले बाबा तुमच्याकडं. आता निघते.’’

माझा तोल गेला. ‘‘आत्या, हे घर तुझंच आहे. किती वेळा सांगू?’’

‘‘आपल्या घरी आणायला माणसाला फसवावं लागत नाय,’’ ती शांतपणे म्हणाली.

लासूरची गाडी चुकेल म्हणून मी निघालो.

तेराव्यानंतर तिच्या साड्या देऊन टाकल्या. समुद्रावर नेलेल्या बॅगेतच होत्या सगळ्या, घड्या घातलेल्या. तिच्यासाठी घेतलेलं नवं कपाट अजून त्या खोलीत आहे. परवा बायकोनं त्यात आमच्या रजया ठेवल्या. आधी काही काढावं लागलं नाही, आत्यानं त्यात कधी काही ठेवलंच नव्हतं.