पेजेची खळ आणि कंपनीची पँट

माझ्या नवऱ्याची पँट माझ्या माहेरच्या वासरानं खाल्ली. सगळी नाही, बसायची तेवढीच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. हे वेंगुर्ल्याला एका कंपनीत शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागले होते. नियम कडक: गिऱ्हाइकाच्या दारात जायचं तर पांढरी पँट, कोट, टाय. (टाय बघून आमच्याकडची कुत्री भुंकायचीसुद्धा विसरत.) नोकरी अजून कायम व्हायची होती आणि कोल्हापूरचे साहेब एका गिऱ्हाइकाच्या घरी येऊन ह्यांचे कपडे बघणार होते. त्यांनी निवडलं नेमकं खाडीपलीकडचं माझ्या काकीचं घर.

मग मी पँटीला खळ घालायला बसले. वेगळी खळ कोण करत बसतो? सकाळची पेज उरली होती, मीठ घातलेली. तीच गाळली आणि सढळ हातानं घातली. पँट इतकी कडक झाली की कोपऱ्यात एकटी उभी राहिली! होडीत ह्यांना बसता येईना. भरतीच्या पाण्यातून पलीकडे पोचेपर्यंत हे ताठ उभे आणि मी शेजारी बसून बघतेय. काय रुबाबदार दिसत होते म्हणून सांगू!

काकीचं मशीन पडवीत आणि वासरूही पडवीतच. बसता येत नव्हतं म्हणून हे वाकून कामाला लागले. चिमट्यात बारीकशी स्प्रिंग धरली होती, तेवढ्यात वासरानं मागून चाटायला सुरुवात केली. मग चावायला.

"अवो, वासरू!" मी ओरडले.

"समाजला माका. हललंय तर स्प्रिंग उडात," हे शांतपणे म्हणाले. "काकी, त्येका जरा सांगा."

"त्येका काय सांगू? तुमका पेजेचो वास येता," काकी दावं ओढत म्हणाली.

वासरू मागे आलं, पण पँटीचा मागचा भाग घेऊनच. त्यांच्या जागी मी असते तर रडत घर गाठलं असतं. ह्यांनी आधी स्प्रिंग बसवली, मशीन चालवून बघितलं आणि मगच पंचा मागितला. मला त्यांचा असा काही अभिमान वाटला!

वर कोट-टाय, खाली काकांचा तांबडा पंचा. आणि तेवढ्यात अंगणात साहेब. गेली नोकरी, म्हणून माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून बघते तर काय! सुकती लागून खाडीचं पाणी ओसरलं होतं, होडी लांबच थांबली होती आणि साहेब गुडघाभर चिखलातून आले होते. वर कोट-टाय, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि पँट डोक्यावर.

दोघांनी एकमेकांना टायपर्यंत न्याहाळलं. त्याखाली कोणीच बघितलं नाही.

"मशीन चालतंय?" साहेबांनी विचारलं.

"चालतंय, साहेब."

"टाय उत्तम बांधलाय."

पुढच्याच महिन्यात नोकरी कायम झाली.

त्या दिवशी पाय धुवायला जाताना साहेबांनी आपली पँट पडवीच्या कठड्यावर ठेवली होती. वासरानं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. परतताना होडीत हे पंचा सावरत म्हणाले, "तुझ्या हाताक चव आसा गो."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझ्या पेजेचं ह्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक, आणि तेही वासराला आवडली तेव्हा.