तीन दिवस पॅरिस, की लेकाचं घर?

मैत्रिणींनो, दिवाळीनंतर आम्ही दोघं आठ दिवस जर्मनीला लेकाकडे चाललोय. आज दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, मधले तीन दिवस पॅरिस करून या. मी बुकिंग करतो."

मी विचारलं, "तू येशील ना?"

"मला सुट्टी नाही गं मिळणार. ग्रुपबरोबर जा, मराठी गाइड असतो."

मी संध्याकाळी सांगते म्हटलं आणि मेथी निवडत बसले. वाईट वाटलं असंही नाही. काहीच वाटलं नाही.

यांना सांगितलं. यांची सगळी नोकरी चाकणच्या कंपनीत, शिफ्टमध्ये गेली. टीव्हीचा आवाज बंद करून म्हणाले, "रविवारी माझा ओव्हरटाइम असला की आपण त्याला मावशीबरोबर बागेत पाठवायचो. तो खूश होतो, असं आपल्याला वाटायचं."

आणि परत आवाज वाढवला.

संध्याकाळी लेकाला उत्तर द्यायचंय. मोशीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्या म्हणतात, एवढं लांब जाऊन पॅरिस सोडू नका. मला एवढंच सांगा, लेक कामावर गेल्यावर त्याच्या घरात दिवसभर नुसती त्याची वाट बघत कुणी बसलंय का? बरं वाटतं का तसं?