टोपलीसकट दोन किलो

सोमवारी सकाळी बरोबर साडेदहाला बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या मॅडम आमच्या करावे गावात आल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे इतके किस्से जमले की फॉर्म कमी पडले!

त्यांना घरोघर नेणारी, लिहिता येणारी बाई हवी होती. मी सातवी पास, मलाच घेतलं. एकाच आईची सगळी बाळंतपणं शेजारी शेजारी लिहायची. तेव्हा आईचं वय किती, बाळ केवढं. मॅडम म्हणाल्या, "घर तेच, आई तीच, वय तेवढं वेगळं. मग वयाने किती फरक पडतो त्याचा अंदाज येतो."

माझा सोनू मी सतराची असताना झाला, मुठीएवढा. अजून तो शिंकला तरी माझा जीव खालीवर होतो. आणि इकडे माझ्या सोळाच्या नणंदेचं, कल्पनाचं, लग्न ठरत होतं. म्हटलं, हे काम तडीस न्यायचंच!

*

पहिलं घर शेवंताकाकूंचं. पहिल्या पोराच्या वेळी वय? "अठरा." दुसऱ्याच्या? "अठरा." तिसऱ्याच्या?

"अठराच!"

"काकू, असं कसं?"

"लग्नाला अठरा लागतात ना गो? मग लगीन काय तीनदा केलं मी?"

*

पुढच्या घरी काका बायकोला बोलूच देईनात. "तिचं वय मी सांगतो."

"सांगा."

"माझ्यापेक्षा कमी!"

आतून काकू ओरडल्या, "अक्कल जास्त, ते पन लिव गो!"

*

जनाबाई मासळी विकतात. लेक झाली तेव्हा मासळीच्याच तराजूत तोलली. "दोन किलो. टोपलीसकट!"

मॅडमचं पेन थांबलं. "टोपली आहे अजून?"

होती! वजा करायला ती आणली, तोलली. तरी मॅडमचं समाधान नाही. "तेव्हा ओली होती की सुकी?"

"बाय, मी लेकीकडं बगू का टोपलीकडं?"

*

शेवटी आमचंच घर. सासूबाई कोलंबी सोलत होत्या, बाजूला कल्पना.

"आई, पहिल्या वेळी तुमचं वय?"

त्या कल्पनाकडे बघत राहिल्या. "हिच्याएवढी."

"बाळ केवढं होतं?"

त्यांनी हात पुसला, वीत दाखवली. "तीन दिस राहिलं."

"आणि कल्पनाच्या वेळी?"

"पंचवीस-सव्वीस. सुईन बोलली, हातात मावत नाय!"

मी दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं. "वाच," सासूबाई म्हणाल्या. वाचलं. पुन्हा वाचायला लावलं.

मग ताट बाजूला सारून म्हणाल्या, "पाहुन्यांना निरोप धाड गो. दोन वर्सं थांबा म्हनावं. आन् जाता जाता तुझ्या मावशीच्या घरी पन सांग, तिची पोर पंधराची हाय."