भावाला विहिरीत ढकलणारी माझी आत्या

मंडळी, आज दुपारी बंगळुरात आत्यासोबत तिचा एकुलता एक सिनेमा पाहिला. साठच्या दशकात इथेच, तुटपुंज्या पैशांत काढलेला भयपट. त्यात लहानगी आत्या धाकट्या भावाला विहिरीत ढकलते आणि काठावर बसून शांतपणे वेणी घालते. काय काम केलंय!

तेव्हा चिकपेटच्या आमच्या गल्लीतल्या बायका आपल्या मुलांना तिच्याशी खेळू देईनात. आजोबांनी तिचं सिनेमातलं काम कायमचं बंद केलं. सिनेमाही तिला दाखवला नाही.

सिनेमा संपून थिएटरातले दिवे लागल्यावर मी भीतभीतच विचारलं, "आत्या, बरी आहेस ना?"

"अगं, किती छान केलं होतं मी! कुणी सांगितलंच नाही मला."

सत्तरीच्या खलनायिकेला काम देणारं कुणी ओळखीचं आहे का? आत्या तयार आहे.